काचपेटीतल्या पाण्याचं विरजण

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरच्या महिलांच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. ऐकणाऱ्या गटांनी मागणी केल्यामुळे इथे छापत आहोत.)



मागच्या महिन्यात शोभेच्या माशांविषयी दहा मिनिटं बोलले, आणि केंद्रावर तुमच्या चिठ्ठ्या आल्या. बहुतेकींचं गाऱ्हाणं एकच. पेटी आणली, मासे आणले, पंधरा दिवसांत मासे गेले आणि पेटी माळ्यावर गेली. एका काकूंनी कळवलंय की त्यांच्या पेटीत आता कांद्याचं बी ठेवलेलं आहे. बी चांगलं राहतंय, असंही लिहिलंय. तर आजचा सगळा वेळ या एकाच गोष्टीला देते. जिवंत पाणवनस्पती लावलेली, उष्ण प्रदेशातल्या माशांची पेटी कशी उभी करायची, आणि मासे मरतात ते नेमके कशानं.

हे सांगायची घाई एवढ्यासाठी, की तुमच्यातले काही गट या धंद्यासाठी कर्ज उचलायच्या विचारात आहेत. आमच्याच तालुक्यातल्या एका गटाचं काय झालं ते आधी ऐका. शाळेनं त्यांच्याकडे पेटी मागितली होती, २६ जानेवारीला तयार हवी म्हणून. गटानं शहरातल्या एका विक्रेत्याकडून सगळं सामान घेतलं. २५ तारखेला पेटी मांडली, नळाचं पाणी भरलं, लाल-निळी खडी टाकली, प्लॅस्टिकची झाडं खोचली आणि त्याच संध्याकाळी वीस मासे सोडले. पोरं खूश, गुरुजी खूश. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले. दहाव्या दिवसापर्यंत एकही उरला नाही. विक्रेता म्हणाला, तुमचं पाणी खराब. गावात कोणी म्हणालं, दृष्ट लागली. शाळेनं पैसे अडवले, आणि हप्ता तर दर महिन्याला भरायचाच होता.

पाणी खराब नव्हतं. पाणी कच्चं होतं.

आता हे कच्चं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी किल्ली इथेच आहे. मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांवाटेही घाण बाहेर सोडतो. त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. कोंबड्यांचं खुराडं दोन दिवस झाडलं नाही तर आत वाकल्यावर डोळे चुरचुरतात ना, तोच हा वायू. खुराड्यात निदान वारा असतो. पेटीतल्या माशाला त्याच पाण्यात श्वास घ्यायचा असतो. बोअरचं क्षाराचं पाणी असेल, तर त्यात हा अमोनिया आणखी जहाल होतो.

ओढ्यात, तळ्यात मासे मरत नाहीत, कारण तिथे ही घाण खाणारे जिवाणू दगडांवर, वाळूवर, पानांवर राहतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही माशाला विषच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर माशाला त्रास देत नाही आणि झाडाला तर ते खतच आहे. शेतात आपण जे नत्र टाकतो, तेच हे. म्हणजे माशाची घाण जिवाणूंनी खाल्ली, जिवाणूंनी केलेलं झाडानं खाल्लं, झाडानं दिवसा पाण्यात प्राणवायू सोडला. हे चाक फिरायला लागलं की पेटी जगते. नव्याकोऱ्या पेटीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि दुकानात कोणी तुम्हाला एवढं थांबा म्हणत नाही, कारण थांबलेलं गिऱ्हाईक मासे विकत घेत नाही.

पण आपल्याला थांबायचं कसं ते ठाऊक आहे. दुधात विरजण लावल्याशिवाय दही होत नाही आणि विरजण लावलं तरी रात्र जावी लागते. पेटीलाही विरजण लागतं. कुणाकडे वर्षभर चांगली चाललेली, रोग न आलेली पेटी असेल, तर तिच्या फिल्टरचा स्पंज आपल्या पेटीच्या पाण्यात पिळून घ्यायचा, नाहीतर तिच्या तळाची ओंजळभर खडी मागून आणायची. तो तपकिरी गाळ दिसायला घाण, पण त्यातच सगळे जिवाणू. असं विरजण मिळालं तर महिन्याचं काम एक-दोन आठवड्यांवर येतं. आणताना मात्र ओलं ठेवायचं आणि तासा-दोन तासांत आपल्या पेटीत घालायचं. वाळलं की मेलं.

आता पेटी. शिकायला फार लहान घेऊ नका. गोल काचेचं भांडं तर मुळीच नको, त्यात पाणी थोडं आणि हवा लागायला तोंड अरुंद. थोड्या पाण्यात घाण लवकर साठते, ऊनही लवकर लागतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी बरी. काठोकाठ भरली तर ती सुमारे ७० लिटरची होते. खाली माती-खडी आणि वर दोन बोटं मोकळी सोडली की प्रत्यक्ष पाणी ५५ लिटरच्या आसपास. वजन लक्षात घ्या. पाणी, खडी आणि काच मिळून ८० किलोवर जातं. डुगडुगत्या टीपॉयवर ही पेटी ठेवायची नाही. टेबल सपाट आणि मजबूत हवं आणि काचेखाली थर्माकोलचा पत्रा, म्हणजे बारीकसारीक उंचवट्यानं तळ तडकत नाही. काच पाच-सहा मिलिमीटर जाड असावी. गावातला काचवाला पेटी बांधून देत असेल, तर त्याला बुरशीनाशक नसलेलं, पेटीसाठीचंच सिलिकॉन वापरायला सांगा. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन चालत नाही. बांधल्यावर आठवडाभर वाळू द्या, मग पाणी भरून एक दिवस आणि एक रात्र अंगणात ठेवून पाहा. गळायचीच असेल तर अंगणात गळू दे.

खिडकीतलं थेट ऊन लागेल अशा जागी पेटी नको. उन्हानं पाणी तापतं आणि आठवड्यात हिरवंगार होतं.

तळाला काय घालायचं याबद्दल दुकानदार महागड्या पिशव्या दाखवतात. त्या चांगल्या असतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. अमेरिकेतल्या डायना वालस्टॅड या बाईंनी साध्या मातीवर पाणवनस्पती वाढवायची पद्धत पुस्तक लिहून मांडली. ते पुस्तक १९९९ साली आलं आणि जगभर लोक त्या रीतीनं पेट्या करतात. रीत अशी. तळाला एक इंच चाळलेली साधी माती, तिच्यावर इंच-दीड इंच धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी. माती पोयट्याची किंवा तांबडी घ्या. आपली काळी कपाशीची माती फुगते, चिकट होते आणि पाणी गढूळ ठेवते, ती नको. शेणखत, युरिया, कुठलंही खत पडलेल्या वाफ्यातली तर मुळीच नको. आणि कीटकनाशक फवारलेल्या रानातली नको, हे वेगळं सांगायला नको.

खडी धुवायची ती तांदळासारखी नाही, त्याहून जास्त. धुवण नितळ येईपर्यंत. खडीत चुनखडीचे खडे असतील तर त्यांनी पाणी आणखी जड होतं. दोन-चार खड्यांवर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर ती खडी दुसऱ्या कामाला ठेवा.

पाण्याकडे येऊ. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर घातलेली असते. ती आपल्यासाठी चांगली, पण त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि ते जिवाणूही मारतो. उघड्या बादलीत पाणी २४ तास ठेवलं, मधूनमधून ढवळलं, की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. बादली प्लॅस्टिकची आणि वेगळी ठेवलेली हवी, जिच्यात कधी साबण भिजवला नाही अशी. एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्या घरी ती हमखास घडते. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आपण प्यायला चांगलं मानतो. ते पेटीत घालू नका. तांबं थोडंसं उतरलं तरी माशांना आणि गोगलगायींना बाधतं.

तुमचं पाणी जड आहे की हलकं ते तुम्हाला मशीनविना कळतं. ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या आत पांढरा थर धरतो, ते जड. अशा पाण्यासाठी मासेही त्या पाण्याला मानवणारेच घ्यायचे: गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल. हे सगळे पिल्लं घालणारे मासे जड पाण्यात खूश असतात. चित्रात दिसतो तो निळा-लाल नियॉन टेट्रा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला हलकं, किंचित आंबट पाणी लागतं. आपल्या बोअरच्या पाण्यात तो आणणं म्हणजे कोकणातला नारळ माणदेशात लावण्यासारखं. लागेलही एखादा, पण त्याच्यावर धंदा करू नये.

गप्पी तर तुमच्या ओळखीचाच. आरोग्य केंद्राची माणसं डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात, तोच. मूळचा त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचा. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ मध्ये त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयात पाठवले, त्यांचंच नाव माशाला पडलं. दुकानातला रंगीत शेपटीचा गप्पी आणि हौदातला करडा गप्पी, जात एकच. माझं मत विचाराल तर पहिले चार मासे आरोग्य केंद्रातून मागून आणा. चिवट असतात, आपल्या पाण्याला सरावलेले असतात आणि फुकट मिळतात. रंगीत मासे हात बसल्यावर.

आपल्या देशातला म्हणाल तर झेब्रा मासा. अंगावर निळे पट्टे, दोन इंचाहून लहान, सतत हलता. हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं १८२२ मध्ये गंगेच्या मुलखातल्या माशांवर पुस्तक लिहिलं, त्यात याची पहिली नोंद आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा पाळतात. तो थोडी थंडीही सोसतो, म्हणून नाशिक, धुळ्याकडच्या बायांना मी हाच सुचवते.

आता झाडं. माशांच्या आधी झाडं, आणि पहिल्याच दिवशी भरपूर. दोन काड्या लावून वाढतील म्हणून वाट पाहायची नाही. रिकाम्या वाफ्यात तण माजतं तसं रिकाम्या पेटीत शेवाळ माजतं. झाडं दाट असली की ती अमोनियाही थेट उचलतात आणि शेवाळाला खायला काही उरू देत नाहीत.

सोपी झाडं सांगते. वालिस्नेरिया, लांब गवतासारखी पाती, जमिनीखालून धुमारे सोडत पसरते. हायड्रिला, आपल्या तळ्या-कालव्यांत असते ती. हॉर्नवर्ट, मुळं नाहीत, तरंगती सोडली तरी चालते. ही तिन्ही झपाट्यानं वाढणारी, म्हणून सुरुवातीला यांचाच भरणा हवा. सावकाश वाढणारी दोन: जावा फर्न आणि अनुबियास. यांना आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड असतं. ते खडीत पुरलं की कुजतं. दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला दोऱ्यानं बांधायचं, मुळं आपली आपण धरतात. लावताना पेटीत आधी चार-पाच इंचच पाणी ठेवा. बोटांनी लावणं सोपं जातं. मग खडीवर ताटली ठेवून तिच्यावर हळू धारेनं पाणी सोडा, म्हणजे माती वर येत नाही.

रानातून झाडं आणायचा मोह होईल. तळ्यातली मूठभर हायड्रिला आणलीत तर बिघडत नाही. नीट धुवा, जळवा आणि चतुराच्या अळ्या पाहून घ्या, कारण त्या अळ्या माशांची पिल्लं खातात. पण दुर्मीळ वनस्पतीला हात लावू नका. कासच्या पठारावर पावसाळ्यात वायतुरा फुलतो. तीही पाणवनस्पतीच, आणि ती फक्त आपल्या सह्याद्रीतल्या पठारांवर आढळते. उपटलेला वायतुरा पेटीत टिकत नाही आणि पठारावरून जातो तो जातोच.

उजेडासाठी पांढरा एलईडी दिवा पुरतो. खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं पाहून घ्या. पहिला महिना रोज सहा तास, पुढे आठ तास. रात्री उशिरापर्यंत शोभेसाठी दिवा ठेवला की शेवाळ आलंच म्हणून समजा.

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश असावं. आपल्याकडे बहुतेक वर्ष ते आपोआप मिळतं. थंडीत जिथे रात्री घर गार पडतं, तिथे हीटर लावा. लिटरला एक वॅट हा हिशेब, म्हणजे आपल्या पेटीला ५० वॅटचा. आणि हे नीट ऐका: पेटीत हात घालायच्या आधी हीटरचं, पंपाचं, दिव्याचं, सगळ्यांचं बटण बंद करून पिना काढायच्या. पाणी उपसताना चालू हीटर उघडा पडला तर त्याची काच फुटते. वायर पेटीतून थेट बोर्डाकडे जाऊ देऊ नका. ती आधी बोर्डाच्या खाली झोळासारखी लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, प्लगात जाणार नाही. घरात लहान मुलं असतील तर हे मासे जगण्याहून महत्त्वाचं आहे.

थंडीपेक्षा आपला खरा शत्रू उन्हाळा. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ अंशांच्या वर गेलं की मासे वर येऊन धापा टाकतात. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान एकदम पडलं की मासा आजारी पडतो. पेटीचं झाकण काढून वर जाळी ठेवा आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. माठ जसा गार होतो तसं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. कोकणात, गोव्यात हवा दमट असल्यामुळे या उपायाचा गुण कमी येतो, तिथे पेटी घरातल्या सगळ्यात गार भिंतीला ठेवणं बरं. उन्हाळ्यात मासे कमी ठेवा आणि खाणं कमी टाका.

वीज जाण्याचं विचारलंत. दिवसा गेली तर झाडं सांभाळून घेतात. रात्री मात्र झाडंही आपल्यासारखा प्राणवायू घेतात, सोडत नाहीत. म्हणून हवेचा पंप रात्री चालू हवाच. रात्रभर वीज जाणार असेल तर तांब्यानं पाणी उचलून फूटभर वरून पुन्हा पेटीत ओतायचं, दर तासा-दीड तासानं दहा-पंधरा वेळा. मासे कमी असतील तर एवढंही करावं लागत नाही. (इथला तांब्या स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा, मगाशी सांगितलं ते लक्षात असू द्या.)

फिल्टर साधा स्पंजचा घ्या, हवेच्या पंपावर चालणारा. स्वस्त असतो, त्यात माशाची पिल्लं ओढली जात नाहीत आणि त्याच्या भोकाभोकांत जिवाणूंना घर मिळतं. तो महिन्यातून एकदा पिळायचा, पण कुठे? पेटीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत. नळाखाली धुतला की क्लोरीननं महिन्याची मेहनत वाहून गेली.

तर पेटी मांडली, झाडं लावली, फिल्टर सुरू केला, विरजण घातलं. आता पेटीत मासा नाही आणि गावातला प्रत्येक जण विचारणार, मासे कुठं आहेत? विचारू दे. या काळात दोन-तीन दिवसांतून माशांच्या खाण्याची एक चिमूट पाण्यात टाकायची, जिवाणूंना उपाशी ठेवायचं नाही म्हणून. पहिल्या दिवसांत पाणी चहासारखं पिवळट होतं, नाहीतर दुधाळ होतं. घाबरू नका. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. जुनी पानं थोडी गळतील, ती काढून टाका. नवे हिरवे शेंडे दिसायला लागले की झाडांनी मातीत पाय धरले. शक्य असेल तर तपासणीच्या पट्ट्या किंवा थेंबांचा संच गटात मिळून एक घ्या. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं की पाणी पिकलं. पट्टी नसेल तर पुरते सहा आठवडे मोजा आणि मग फक्त चार मासे सोडा.

सोडताना पिशवी बंदच पेटीत १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे पाण्याची ऊब सारखी होते. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासानं मासे जाळीनं उचलून सोडा. पिशवीतलं पाणी बाहेर झाडाला. चार मासे दोन आठवडे ठणठणीत राहिले की आणखी चार. आपल्या ५५ लिटरच्या पाण्यात लहान जातीचे बारा-पंधरा मासे झाले की थांबा. गप्पी घेताना एका नराला दोन माद्या. माद्या साधारण महिन्याला पिल्लं टाकतात, आणि आई स्वतःच पिल्लं खाते. दाट झाडी असेल तर त्यातली काही वाचतात.

गोल्डफिश या पेटीत घालू नका. त्याला थंड पाणी मानवतं, तो वीतभर वाढतो, झाडं उपटतो आणि घाण चौपट करतो. काच साफ करतो म्हणून दुकानदार सकर मासा देतील. तोही घेऊ नका. दोन इंचांचा दिसणारा तो मासा फूटभराहून मोठा होतो. मग लोक कंटाळून त्याला तलावात नेऊन टाकतात. देशातल्या कित्येक नद्या-तलावांत तो असा पसरला आहे, त्याच्या काटेरी पाठीनं मासेमारांची जाळी फाटतात आणि विकायला त्याला किंमत नाही. पेटीतला कुठलाच मासा, कुठलंच झाड विहिरीत, ओढ्यात, धरणात सोडायचं नाही. नकोसे झाले तर दुसऱ्या पेटीवाल्याला द्या. जलपर्णीनं आपल्या नद्यांचं काय केलं ते पुलावरून जाताना रोज दिसतंच आहे.

खाणं थोडं. दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. पोळीचे तुकडे, मुरमुरे, पाव काही नाही. पाहुणे आले की कौतुकानं प्रत्येक जण चिमूट टाकतो, तेव्हा डबा कपाटात ठेवलेला बरा. मासे उपाशी मरत नाहीत, उरलेल्या खाण्यानं सडलेल्या पाण्यात मरतात. स्वच्छ पाण्यातल्या डासांच्या अळ्या मिळाल्या तर जरूर घाला, मासे तुटून पडतात.

पाणी आठवड्याला पाव भाग बदलायचं. काढलेलं पाणी फेकू नका, त्यात नत्र असतं. परसातल्या वांग्या-मिरच्यांना घाला, फरक दिसेल. पेटीत हात घालायच्या आधी साबण न लावता कोपरापर्यंत हात धुवा. कपाशीवर फवारणी करून आलेली बाई त्या दिवशी पेटीला हात लावणार नाही, असा गटाचा नियमच करा. घरात डासांचा फवारा मारायचा असेल तर पेटीवर ओलं फडकं आणि हवेचा पंप बंद, नाहीतर तो पंप औषधाची हवा थेट पाण्यात ढकलतो. वास गेला, खोलीत मोकळी हवा आली की फडकं काढून पंप लगेच सुरू करा.

आता पैशांचं. आपल्या देशात शोभेचे मासे बहुतेक कोलकात्याकडून, चेन्नईतल्या कोळत्तूरहून आणि मुंबईहून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतात. प्रवासात दमतात, काही वाटेत मरतात. गावाजवळ वाढवलेला, आपल्या पाण्याला सरावलेला गप्पी किंवा मोली त्यांच्यापुढे टिकाऊ ठरतो, ही आपली जमेची बाजू. झाडांचं तर त्याहून बरं. वालिस्नेरियाचे धुमारे, हॉर्नवर्टचे तुकडे महिन्याकाठी वाढत राहतात, त्यांना खाणं नाही, मरतुकीची भीती कमी. माझ्या मते गटानं आधी झाडं विकायला शिकावं, मग मासे.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभेच्या माशांच्या परसातल्या युनिटचा समावेश आहे आणि महिलांसाठी खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करा, यंदा अर्ज चालू आहेत का ते तिथेच कळेल. पण अनुदान वजा जाऊनही बाकीची रक्कम गटाचीच असते. म्हणून सांगते, अर्ज भरायच्या आधी गटातल्या दोघी-तिघींनी मिळून एक पेटी एक उन्हाळा आणि एक हिवाळा जगवून पाहावी. वहीत रोजची एक ओळ लिहावी: पाणी किती बदललं, कोणता मासा मेला, वीज किती वेळ गेली. हीच वही पुढे गिऱ्हाइकाला दाखवता येते.

शाळेचं, दवाखान्याचं काम घ्याल तेव्हा पेटीची किंमत आणि महिन्याची देखभाल असे दोन वेगळे आकडे कागदावर घ्या. आणि तारीख आपण द्यायची. १५ ऑगस्टला मासे हवेत तर पेटी जूनमध्ये मांडायची, हे गुरुजींना पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. मगाशी सांगितला तो गट आता असंच करतो. त्यांनी ती शाळेचीच पेटी धुऊन पुन्हा मांडली, प्लॅस्टिकची झाडं काढली, महिना-दीड महिना नुसती हिरवी ठेवली. पोरांनी तेवढ्यात कुठलं झाड किती बोटं वाढलं त्याचा तक्ता वर्गात लावला. नंतर चार करडे गप्पी सोडले. शाळेनं अडवलेले पैसे दिले, थोडे उशिरा का होईना.

शेवटी एका ताईंचा प्रश्न राहिला. दिवाळीत चार दिवस माहेरी जायचं, तर माशांना खायला कोण घालणार? कुणीच नाही. मोठे, निरोगी मासे चार-पाच दिवस खाण्याशिवाय आरामात राहतात, झाडांवरचं थोडंफार टिपतात. जायच्या दोन दिवस आधी पाव पाणी बदला, आणि शेजारच्या जाऊबाईंना किल्ली देताना खाण्याचा डबा देऊ नका. त्यांना फक्त संध्याकाळी दिवा बंद करायला आणि पंपाचे बुडबुडे येताहेत ना, एवढं बघायला सांगा.